खाण बंद झाली, आजार उरला : ॲस्बेस्टॉसग्रस्त खाणकामगारांच्या भरपाईचा अनुत्तरित प्रश्न

देशात चार नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. कामावर झालेला अपघात किंवा कामामुळे जडलेला आजार यांची भरपाई कोणी, कधी आणि किती द्यायची, याचे नियम आता या संहितेतून ठरतील. या बदलाची चर्चा प्रामुख्याने कारखाने, कंत्राटी कामगार आणि ऑनलाइन मंचांवर काम करणारे कामगार यांच्या संदर्भात झाली. एका लहानशा, विखुरलेल्या आणि वयोवृद्ध झालेल्या गटाचा उल्लेख मात्र त्यात फारसा आला नाही. चार दशकांपूर्वी बंद पडलेल्या ॲस्बेस्टॉस खाणींत ज्यांनी काम केले, त्यांचा हा गट. त्यांच्या बाबतीत कायद्यात भरपाईचा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, आजाराचे नाव अनुसूचीत आहे. तरीही हक्काची रक्कम हातात पडण्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे. त्याची कारणे कायद्याच्या रचनेत, आजाराच्या स्वरूपात आणि नोंदींच्या अभावात दडलेली आहेत.

रोरो टेकड्यांचा वारसा

झारखंडमधील पश्चिम सिंहभूम जिल्ह्यात चाईबासा शहरापासून जवळ रोरो टेकड्या आहेत. पायथ्याच्या गावांत प्रामुख्याने हो आदिवासी समाजाची वस्ती आहे. या टेकड्यांतून १९६३ ते १९८३ अशी सुमारे दोन दशके क्रायसोटाइल म्हणजेच पांढरा ॲस्बेस्टॉस काढला गेला. त्या काळी हैदराबाद ॲस्बेस्टॉस सिमेंट प्रॉडक्ट्स ही कंपनी ही खाण चालवत होती. १९८३ मध्ये काम थांबले. कामगार घरी परतले, यंत्रे हलवली गेली. पण ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेल्या खनिज कचऱ्याचे सुमारे सात लाख टनांचे ढिगारे डोंगरउतारावर तसेच राहिले. पावसाळ्यात हा कचरा ओढ्यांतून आणि शेतांतून खाली येतो, उन्हाळ्यात त्याची धूळ वाऱ्यावर उडते. गुरे त्यावर चरतात, मुले त्यावर खेळतात. स्वयंसेवी संस्थांनी केलेल्या पाहण्यांमधून माजी कामगारांतील श्वसनविकार समोर आले आणि हा विषय राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचला.

रोरो हे एकमेव उदाहरण नाही. राजस्थानात उदयपूर, राजसमंद, अजमेर आणि पाली या जिल्ह्यांत, तर आंध्र प्रदेशात कडप्पा जिल्ह्यातील पुलिवेंदुला परिसरात ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. राजस्थानातील बहुतेक खाणी लहान, ठेकेदारांनी चालवलेल्या आणि हातांनी काम होणाऱ्या होत्या. आरोग्याच्या कारणास्तव केंद्र सरकारने १९८६ मध्ये नवे खाणपट्टे देणे थांबवले आणि पुढे जुन्या पट्ट्यांचे नूतनीकरणही बंद केले. आज देशात ॲस्बेस्टॉसचे उत्खनन होत नाही. ॲस्बेस्टॉसचा वापर मात्र थांबलेला नाही. अलीकडच्या वर्षांत देशाने दरवर्षी तीन लाख टनांहून अधिक क्रायसोटाइल आयात केले आणि त्यातील मोठा वाटा रशियातून आला. जो पदार्थ देशाच्या भूमीतून काढणे धोकादायक ठरवले गेले, त्याच पदार्थाचे सिमेंट पत्रे देशभरातील घरांवर आणि गोदामांवर चढत राहिले. या विसंगतीचा परिणाम भरपाईच्या प्रश्नावरही होतो. वापर सुरू असलेल्या पदार्थामुळे झालेल्या जुन्या आजाराची जबाबदारी स्पष्टपणे मान्य करण्यास शासनयंत्रणा आणि उद्योग दोघेही फारसे उत्सुक नसतात.

उशिरा दिसणारा आजार

ॲस्बेस्टॉसच्या आजारांचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा विलंब. श्वासावाटे आत गेलेले सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुततात आणि शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही. हळूहळू फुप्फुसाच्या ऊती कडक होतात आणि धाप लागू लागते. हा ॲस्बेस्टॉसिस. तो सहसा धुळीच्या संपर्कानंतर दहा ते वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा लक्षात येतो. फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग तर वीस ते पन्नास वर्षांनंतरही उद्भवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते क्रायसोटाइलसह सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस मानवात कर्करोग निर्माण करतात. फुप्फुस, स्वरयंत्र आणि अंडाशय यांच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. कामाच्या ठिकाणी झालेल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा या संघटनेचा अंदाज आहे.

रोरोची खाण १९८३ मध्ये बंद झाली, हे लक्षात घेतले तर तेथे विशीत काम केलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. मेसोथेलिओमाचा धोका ज्या काळात प्रकट होतो, त्याच काळातून तो जात आहे. त्याच्या गावातील आरोग्य केंद्रात खोकला आणि धाप यांचा पहिला अर्थ क्षयरोग असा लावला जातो. क्षयाची औषधे दिली जातात, गुण येत नाही, पुन्हा तीच औषधे दिली जातात. रुग्णाने पूर्वी कोणते काम केले, हा प्रश्न केसपेपरवर क्वचितच विचारला जातो. परिणामी ॲस्बेस्टॉसिसचे निदान होतच नाही आणि निदान नसल्यामुळे दावाही उभा राहत नाही.

कायदा काय देतो

१९२३ च्या कायद्याने व्यावसायिक आजाराला अपघाताचा दर्जा दिला होता. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिसचा समावेश ‘क’ भागात, तर ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांचा समावेश ‘ब’ भागात होता. ‘ब’ भागातील आजारासाठी एका मालकाकडे सलग किमान सहा महिने काम केलेले असणे पुरेसे होते. ‘क’ भागातील आजारांत एकापेक्षा अधिक मालकांकडील नोकरी एकत्र धरण्याची तरतूद होती. नोकरी सुटल्यानंतर आजार जडला आणि तो त्या कामातूनच उद्भवला हे सिद्ध झाले, तरीही भरपाई देय होती. कागदावर पाहता ही तरतूद माजी खाणकामगाराच्या बाजूची आहे.

अडचण मुदतीच्या कलमात होती. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा आणि नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस मानायचा, अशी ही रचना होती. विषबाधा किंवा त्वचारोग यांसारख्या लवकर दिसणाऱ्या आजारांना ती लागू पडते. वीस किंवा चाळीस वर्षांनी प्रकट होणाऱ्या आजाराला मात्र ही चौकट पुरी पडत नाही. पुरेसे कारण दिल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता. पण तो विवेकाधीन होता. त्यामुळे प्रत्येक आजारी कामगाराला आधी आपण उशिरा का आलो याचे स्पष्टीकरण द्यावे लागे आणि त्यानंतर आपण आजारी का पडलो हे सांगता येई.

सामाजिक सुरक्षा संहितेने व्यावसायिक आजारांची अनुसूची कायम ठेवली आहे आणि भरपाईचे प्रकरण जुन्या कायद्याच्याच धर्तीवर बेतले आहे. कामगारांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी हे नव्या संहितांचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. ही तपासणी कामावर असलेल्यांसाठी आहे. ॲस्बेस्टॉसचा आजार ज्यांना होतो, ते बहुतांशी कामावरून कधीच बाहेर पडलेले असतात. दीर्घ विलंबाच्या आजारांसाठी मुदतीची गणना निदानाच्या दिवसापासून करण्याची स्वतंत्र आणि स्पष्ट तरतूद करण्याची संधी संहिता तयार करताना उपलब्ध होती.

खाणकामगारांची आणखी एक अडचण आहे. कर्मचारी राज्य विमा योजना कारखान्यांना लागू झाली. तिच्या व्याख्येतून खाणी वगळलेल्या होत्या. कारखान्यातील कामगाराला भरपाईसाठी विमा महामंडळाकडे जाता येई. खाणकामगाराला थेट मालकाविरुद्ध दावा लढवावा लागे. मालकाने गाशा गुंडाळला, ठेकेदार मरण पावला किंवा कंपनीचे नाव बदलले, की दावा कोणाविरुद्ध करायचा हाच पहिला प्रश्न उभा राहतो.

तीन पुरावे, तिन्ही दुर्मीळ

दाव्यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. अमुक खाणीत काम केले होते, अमुक आजार झाला आहे आणि या दोहोंत संबंध आहे.

पहिला पुरावा नोकरीचा. खाण कायद्यानुसार कामगारांची नोंदवही ठेवणे बंधनकारक होते. प्रत्यक्षात ठेकेदारामार्फत आलेल्या मजुरांची नावे अनेकदा वहीत चढतच नसत. चढली तरी ती वही आज कोठे आहे, हे सांगणारा कोणी उरलेला नाही. रोरोची खाण बंद झाली तेव्हा हा प्रदेश बिहारमध्ये होता. २००० मध्ये झारखंड वेगळे झाले आणि जुनी कागदपत्रे शोधण्याचे काम दोन राज्यांच्या दप्तरांत विभागले गेले. स्त्रिया धुळीच्या कामावर असत, तेव्हा त्यांची नोंद पतीच्या किंवा भावाच्या नावाखाली गेल्याचे प्रकार असंघटित खाणकामात नवे नाहीत.

दुसरा पुरावा आजाराचा. साध्या क्ष-किरण चित्रावरून ॲस्बेस्टॉसिस ओळखण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणानुसार चित्र वाचता येणारा डॉक्टर लागतो. शंका असल्यास उच्च क्षमतेचे सीटी स्कॅन आणि फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी लागते. मेसोथेलिओमासाठी ऊतींची तपासणी आवश्यक असते. या सुविधा जिल्हा रुग्णालयातही सहज मिळत नाहीत. आदिवासी पाड्यातील रुग्णासाठी त्या शेकडो किलोमीटर दूर असतात. खाण कायद्याखाली ॲस्बेस्टॉसिस आणि मेसोथेलिओमा हे अधिसूचित आजार होते आणि रुग्ण आढळल्यास डॉक्टरने खाण निरीक्षकांना कळवणे अपेक्षित होते. निदानच न झाल्याने ही साखळी पहिल्याच कडीला तुटत राहिली.

तिसरा पुरावा कार्यकारणाचा. ॲस्बेस्टॉसिस आणि मेसोथेलिओमा यांच्याबाबत तो तुलनेने सोपा आहे, कारण या आजारांचे दुसरे कारण क्वचितच असते. फुप्फुसाच्या कर्करोगात मात्र विडी-तंबाखूचा मुद्दा पुढे केला जातो. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आल्यास धोका अनेक पटींनी वाढतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे धूम्रपान हे ॲस्बेस्टॉसची जबाबदारी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. ही बाजू मांडण्यासाठी तज्ज्ञाची साक्ष लागते आणि तिचा खर्च दावेदाराच्या आवाक्याबाहेर असतो.

१९९५ चा निकाल आणि त्यानंतर

या सर्व अडचणींची जाणीव सर्वोच्च न्यायालयाला तीन दशकांपूर्वीच झाली होती. अहमदाबादच्या ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ने दाखल केलेल्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. कामगाराचा आरोग्य आणि वैद्यकीय उपचारांचा हक्क, सेवेत असताना आणि निवृत्तीनंतरही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवण्याचा आदेश ॲस्बेस्टॉस उद्योगाला देण्यात आला. कामगारांचा आरोग्य विमा सक्तीचा करण्यास सांगितले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने ज्यांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचे निश्चित केले, त्या प्रत्येक कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरवण्यात आली.

या निकालातील ४० वर्षांची अट महत्त्वाची आहे, कारण तिने आजाराच्या विलंबाची दखल घेतली. कायद्याची मुदत दोन वर्षे आणि नोंदी जपण्याची मुदत ४० वर्षे, हा विरोधाभास न्यायालयाच्या निर्देशांतूनच अधोरेखित होतो. ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदीची मागणी करणारी याचिका २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परंतु १९९५ च्या निर्देशांच्या पालनावर पुन्हा भर दिला. १९८३ मध्ये बंद पडलेल्या खाणीला मात्र १९९५ चा निर्देश व्यवहारात पोहोचलाच नाही. ज्यांच्या नोंदी ठेवायच्या, ते कामगार तोपर्यंत बारा वर्षे घरी बसलेले होते.

संघटित प्रयत्न झाला, तर चित्र बदलू शकते, याचे उदाहरण मुंबईत आहे. घाटकोपर परिसरातील ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका जुन्या कारखान्यातील कामगारांची स्वतंत्र डॉक्टरांनी केलेली तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या सुमारे १८० कामगारांपैकी पाचातील एकाहून अधिक जणांत ॲस्बेस्टॉसिस आढळला. तेथे कामगार संघटना होती, हजेरीपट होते, विमा योजना होती आणि रुग्णालये हाकेच्या अंतरावर होती. रोरोत यांपैकी काहीही नव्हते. आजार सारखाच असला तरी तो सिद्ध करण्याची ताकद दोन ठिकाणी सारखी नाही.

रकमेचे गणित

भरपाई मंजूर झाली तरी ती किती, हा प्रश्न उरतो. जुन्या कायद्यात कायमस्वरूपी संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणले जाई. गणनेसाठी मासिक वेतनाची कमाल मर्यादा २०२० पासून १५ हजार रुपये होती. चाळीस वर्षांच्या कामगारासाठी गुणांक १८४.१७, तर ६५ किंवा त्याहून अधिक वयासाठी ९९.३७ होता. १५ हजार वेतन गृहीत धरले, तर पहिल्याला १६ लाख ५७ हजार ५३० रुपये आणि दुसऱ्याला ८ लाख ९४ हजार ३३० रुपये मिळतील. आजार जितका उशिरा दिसतो, तितकी भरपाई घटते.

त्याहून गंभीर प्रश्न वेतनाचा आहे. खाण सुटली तेव्हाचे वेतन धरायचे की आजचे? समजा, एखाद्याची त्या वेळची मासिक मजुरी ३०० रुपये होती. त्याचे ६० टक्के १८० रुपये आणि ९९.३७ या गुणांकाने गुणल्यास रक्कम १८ हजारांच्याही आत राहते. तेव्हा १ लाख ४० हजार रुपयांची किमान मर्यादा लागू होईल. कर्करोगाच्या उपचारांपुढे ही रक्कम तोकडी आहे. १९९५ मध्ये ठरवलेल्या एक लाख रुपयांचीही तीच गत आहे. त्या रकमेला महागाईशी जोडले गेले नाही.

इतर देशांनी काढलेले मार्ग

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव भारतासाठी सर्वांत जवळचा आहे. तेथील नॉर्दर्न केप आणि लिम्पोपो भागांत निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसच्या मोठ्या खाणी होत्या. मेसोथेलिओमाचा ॲस्बेस्टॉसशी असलेला संबंध १९६० मध्ये याच भागातील ३३ रुग्णांच्या अभ्यासातून जगासमोर आला. त्यांतील अनेक जण खाणकामगार नव्हते; त्यांचे बालपण खाणींच्या परिसरात गेले होते. ब्रिटिश कंपनी ‘केप’ने १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून अंग काढून घेतले. आजारी कामगारांनी आणि गावकऱ्यांनी लंडनमध्ये दावा दाखल केला. हा खटला दक्षिण आफ्रिकेत चालवावा, असा कंपनीचा युक्तिवाद होता. २० जुलै २००० रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. दक्षिण आफ्रिकेत इतका गुंतागुंतीचा दावा लढवण्यासाठी अर्थसाहाय्य आणि वकील मिळणार नाहीत आणि त्यामुळे न्यायच नाकारला जाईल, हे त्या निकालाचे सूत्र होते.

त्यानंतरचा प्रवासही बोलका आहे. २००१ च्या अखेरीस सुमारे ७,५०० दावेदारांसाठी २ कोटी १० लाख पौंडांची तडजोड जाहीर झाली. कंपनीने ती पाळली नाही आणि २००३ मध्ये दावेदारांना कंपनीकडून ७५ लाख पौंडांवर समाधान मानावे लागले. याच काळात ‘जेनकॉर’ या खाण कंपनीबरोबरच्या तडजोडीतून ‘ॲस्बेस्टॉस रिलीफ ट्रस्ट’ उभा राहिला आणि २००६ मध्ये ‘कगालागादी रिलीफ ट्रस्ट’ स्थापन झाला. ठरावीक खाणींशी संबंध आणि वैद्यकीय निदान यांच्या आधारे दावे निकाली काढण्याची व्यवस्था त्यामुळे झाली. दावेदाराला प्रत्येक वेळी न्यायालयात जावे लागले नाही. शिवाय तेथील कायद्याने माजी खाणकामगाराला दर दोन वर्षांनी मोफत वैद्यकीय तपासणीचा हक्क दिला आहे. खाण सुटली म्हणून वैद्यकीय देखरेख सुटत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटेनूमची खाण १९६६ मध्ये बंद झाली. तेथेही सुरुवातीचे दावे मुदतीच्या अडसरावर आपटले. १९८३ मध्ये राज्याने कायदा बदलून ॲस्बेस्टॉसच्या आजारांसाठी मुदतीचा नियम शिथिल केला आणि १९८८ मध्ये कामगारांना न्यायालयात पहिले मोठे यश मिळाले. ब्रिटनमध्ये २००२ च्या एका निकालाने, अनेक मालकांपैकी नेमक्या कोणाच्या धुळीमुळे मेसोथेलिओमा झाला हे सिद्ध करता आले नाही तरी धोका वाढवणारा प्रत्येक मालक जबाबदार धरता येतो, हे मान्य केले. जबाबदार मालक किंवा विमा कंपनी सापडतच नसेल, अशा रुग्णांसाठी तेथे २०१४ मध्ये स्वतंत्र योजना सुरू झाली. अमेरिकेतील माँटाना राज्यातील लिबी गावात व्हर्मिक्युलाइटच्या खाणीतून ॲस्बेस्टॉसची धूळ पसरली. २००९ मध्ये सरकारने तेथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि पुढील वर्षीच्या कायद्याने बाधितांना, वयाची अट बाजूला ठेवून, वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे कवच दिले.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. सामान्य अपघातासाठी बनवलेला कायदा दीर्घ विलंबाच्या आजाराला पुरत नाही, हे आधी मान्य केले गेले आणि मग मुदत, पुरावा किंवा निधी यांपैकी निदान एका बाबतीत स्वतंत्र सोय केली गेली.

देशातच असलेला नमुना

अशी सोय भारतात अशक्य नाही. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिस, म्हणजे खनिज धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांसाठी धोरण जाहीर केले. त्यात आजार प्रमाणित झाल्यावर तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये अशी तरतूद करण्यात आली. वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र हा त्यातील मुख्य आधार आहे. मालकाचा शोध लागेपर्यंत रुग्णाने थांबायचे नाही, हे या धोरणाचे बलस्थान आहे. मुख्यतः सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी आखलेल्या या व्यवस्थेचा लाभ जुन्या ॲस्बेस्टॉस खाणींतील रुग्णांपर्यंत पोहोचवायचा, तर त्या गावांत शोधमोहीम घ्यावी लागेल.

सर्वोच्च न्यायालयानेही सिलिकोसिसच्या बाबतीत वेगळी वाट दाखवली आहे. मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर गुजरातमधील गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत काम करून परतले आणि आजाराने दगावले. अशा २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला. काम एका राज्यात आणि मृत्यू दुसऱ्या राज्यात झाला, म्हणून जबाबदारी संपत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. देखरेख करणाऱ्या यंत्रणेने कर्तव्यात कसूर केली असेल, तर भरपाईचा भार राज्यावरही येऊ शकतो.

निधीचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणबाधितांच्या आरोग्यावरील खर्च हा त्यांच्या अग्रक्रमाचा विषय आहे. पश्चिम सिंहभूम हा लोहखनिजाने समृद्ध जिल्हा आहे. आजच्या खाणींतून जमा होणाऱ्या पैशातून कालच्या खाणीच्या रुग्णांची तपासणी करणे, हा धोरणात्मक निर्णयाचा विषय आहे.

कामगार नसलेले बाधित

ज्यांनी खाणीत पाऊलही ठेवले नाही, त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. कामगाराच्या कपड्यांवरून घरात आलेली धूळ झटकणारी पत्नी, ढिगाऱ्यावर खेळलेली मुले, कचरा मिसळलेल्या शेतात राबणारा शेतकरी यांना कामगार भरपाईचा कायदा लागू होत नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय हरित लवाद कायद्याचे १५ वे कलम आहे. प्रदूषणाने बाधित झालेल्यांना भरपाई आणि पर्यावरणाची पुनर्स्थापना यांचे आदेश लवाद त्याखाली देऊ शकतो. येथेही दाव्याचे कारण उद्भवल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे आणि त्यापुढे फक्त ६० दिवसांची सवलत. ढिगारा आजही उघडा असेल, तर हानी सतत सुरू आहे, असा युक्तिवाद करता येतो. भरपाईइतकेच ढिगारे झाकणे, त्यांवर माती आणि झाडोरा बसवणे, पाण्याचे प्रवाह वळवणे हे काम महत्त्वाचे आहे. ते झाले नाही, तर आजची मुले २०५० आणि २०६० च्या दशकांतील रुग्ण ठरण्याचा धोका कायम राहील.

पुढे काय

माजी खाणकामगाराला आज उपलब्ध असलेला मार्ग खडतर असला तरी पूर्ण बंद नाही. जुने ओळखपत्र, मजुरीची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, यांपैकी एखादा कागदही नोकरीचा आधार ठरू शकतो. कागद नसल्यास सहकारी कामगारांची प्रतिज्ञापत्रे आणि ग्रामसभेचा ठराव यांचा उपयोग पूरक पुरावा म्हणून होऊ शकतो. डॉक्टरांकडे जाताना पूर्वीच्या कामाची माहिती सांगून ती केसपेपरवर लिहून घेणे, निदानाची तारीख असलेले कागद जपणे आणि निदान होताच विलंबमाफीच्या अर्जासह दावा दाखल करणे, या गोष्टी निर्णायक ठरतात. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता हा हक्क आहे.

परंतु वैयक्तिक दाव्यांनी हा प्रश्न सुटणार नाही, हे तीन दशकांच्या अनुभवाने दाखवले आहे. त्यासाठी तीन निर्णय आवश्यक आहेत. पहिला, दीर्घ विलंबाच्या व्यावसायिक आजारांत दाव्याची मुदत निदानाच्या दिवसापासून मोजली जाईल, अशी तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत करणे. दुसरा, बंद पडलेल्या सर्व ॲस्बेस्टॉस खाणींच्या परिसरातील माजी कामगारांची आणि रहिवाशांची नोंदणी करून त्यांची ठरावीक काळाने तपासणी करणे. तिसरा, मालक सापडत नसेल किंवा वाद घालत असेल, तर रुग्णाला आधी रक्कम देऊन ती नंतर जबाबदार कंपनीकडून वसूल करणारा निधी उभारणे.

यांपैकी कोणत्याही निर्णयासाठी नवे संशोधन लागत नाही. आजार ज्ञात आहे, खाणी ज्ञात आहेत, बाधितांची संख्याही मर्यादित आहे आणि ती वर्षागणिक घटते आहे. विलंबाचा लाभ ज्याच्याकडून भरपाई येणे आहे त्याला मिळतो आणि किंमत ज्याला ती मिळायची त्याला मोजावी लागते. रोरोच्या खाणीत १९८३ मध्ये काम करणारी सर्वांत तरुण पिढी आज साठीच्या पुढे आहे. त्यांच्या हयातीत निर्णय झाला, तर त्याला भरपाई म्हणता येईल. पुढच्या दशकात झाला, तर तो घेण्यासाठी बहुधा त्यांचे वारसच उरलेले असतील.